सामना २५व्या इनिंगपर्यंत लांबला तरी बेसबॉलचं स्कोअरकार्ड कसं जुळवायचं

छापील स्कोअरकार्डावर दहा, फार तर बारा इनिंगचे (दोन्ही संघांचा बॅटिंगचा एकेक डाव म्हणजे एक इनिंग) रकाने असतात. सामना त्यापुढे गेला की लिहिणारा समासात शिरतो, मग पानाच्या पाठीवर जातो, आणि शेवटी बेरीज जुळत नाही. १ मे १९२० ला बॉस्टनच्या ब्रेव्ह्ज फील्डवर ब्रुकलिन आणि बॉस्टन २६ इनिंग खेळले आणि अंधार पडला म्हणून १-१ वर थांबले. मे १९८४ मध्ये शिकागोने मिलवॉकीला हरवायला २५ इनिंग घेतल्या. १९८१ मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेटला ३३ झाल्या. असली कार्डंसुद्धा हाताने बिनचूक भरता येतात. त्याला दोन गोष्टी पुरतात: कागदाची आधीची आखणी, आणि दर इनिंगनंतर मिनिटभर हिशेब तपासायची शिस्त. दुसरी जास्त महत्त्वाची, कारण लांबलेल्या सामन्यात चूक होते ती खेळ कळला नाही म्हणून नव्हे, तर कंटाळ्याने एक ओळ चुकते म्हणून.

कागद आधी आखा

प्रत्येक संघाला तीन पानं धरा. पहिल्यावर १ ते ९, दुसऱ्यावर १० ते १८, तिसऱ्यावर १९ ते २७. पहिल्या पानावर बारा रकाने छापलेले असले तरी दहावी इनिंग तिथे लिहू नका. एखाद्या इनिंगमध्ये नऊच्या नऊ बॅटर येऊन पुन्हा पहिल्याची पाळी आली तर त्याच इनिंगला दुसरा रकाना लागतो आणि पुढची सगळी शीर्षकं एकेक घर सरकतात. उरलेले दोन-तीन रकाने त्या सरकण्यासाठी राखीव ठेवायचे. दुसरं पान काहीही झालं तरी दहाव्या इनिंगनेच सुरू होतं. त्यामुळे मागे घोळ झाला असला तरी तो पुढच्या पानावर येत नाही, आणि दोन्ही संघांची पानं पुन्हा एका रांगेत येतात.

डावीकडे १ ते ९ हे बॅटिंगक्रमाचे आकडे ठळक लिहा आणि प्रत्येक आकड्यासमोर नावाच्या निदान तीन ओळी ठेवा. खेळाडू बदलतात, क्रमांकाची जागा बदलत नाही. सगळा हिशेब त्या जागेवरच उभा असतो. दुसरं पान सुरू करताना सुरुवातीची नऊ नावं उतरवून काढायची सवय असेल तर ती सोडा. त्या क्षणी जे खेळत आहेत तेच लिहा, आणि नावापुढे कितव्या इनिंगमध्ये आले ते बारीक अक्षरात.

एक वेगळा कागद शिल्लक खेळाडूंचा. मेजर लीगच्या (अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेच्या) सध्याच्या नियमांनुसार संघात २६ जण असतात आणि त्यांत पिचर जास्तीत जास्त १३. म्हणजे बॅटिंगचे नऊ गेले की बाकावर साधारण चार जण उरतात आणि बुलपेनमध्ये (बदली पिचर थांबतात त्या जागेत) आठ. जो आत गेला त्याच्या नावावर काट मारा. बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही, त्यामुळे चौदाव्या इनिंगला हा कागद पाहिला की मॅनेजरच्या हातात काय उरलंय ते तिथेच कळतं. २०१८ च्या वर्ल्ड सीरिजचा तिसरा सामना १८ इनिंग चालला तेव्हा लॉस एंजेलिस डॉजर्स आणि बॉस्टन रेड सॉक्सने नऊ-नऊ पिचर वापरले आणि दोघांचे मिळून ४६ खेळाडू मैदानात उतरले. हा कागद नसेल तर कोण संपला आणि कोण उरला हे डोक्यात राहत नाही.

लिहायला ०.५ ची एचबी पेन्सिल, चांगला खोडरबर, आणि पिचर बदलल्याची रेघ ओढायला एक लाल पेन. शाईने कार्ड भरणं दिसायला छान दिसतं, पण बारा इनिंगनंतर ते दुरुस्त करता येत नाही.

खुणा थोडक्यात

मैदानावरच्या जागांचे आकडे ठरलेले आहेत: पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड बेस ४, थर्ड बेस ५, शॉर्टस्टॉप ६, लेफ्ट फील्ड ७, सेंटर फील्ड ८, राइट फील्ड ९. शॉर्टस्टॉपने उचलून फर्स्ट बेसला फेकलेला आउट ६-३, आणि शॉर्टस्टॉपकडून सेकंड, तिथून फर्स्ट अशी दुहेरी विकेट (एकाच फटक्यावर दोन आउट) ६-४-३. स्ट्राइकआउटला के, बॅट न हलवता उभ्या उभ्या आउट झाला तर उलटा के. बाकी खुणा आपापल्या ठेवल्या तरी चालतं, पण पहिल्या इनिंगला जी खूण धरली तीच विसाव्या इनिंगला असली पाहिजे. रात्र वाढली की माणूस खुणा छोट्या करायला लागतो, आणि दुसऱ्या दिवशी ‘बी’ म्हणजे वॉक (चार बॉलवर फुकट मिळालेला फर्स्ट बेस) की बंट (बॅट नुसती धरून हळूच ढकललेला बॉल) हे त्यालाच उमगत नाही.

दर आउटच्या चौकटीत गोल करून १, २, ३ लिहा. तिसरा आउट झाला की शेवटच्या बॅटरच्या चौकटीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात तिरपी रेघ मारा; पुढच्या इनिंगची सुरुवात त्याच्या खालच्या ओळीपासून. ही एक रेघ चुकली की पुढचं अख्खं पान एका ओळीने घसरतं.

दहाव्या इनिंगपासून सेकंडवर उभा असणारा रनर

मेजर लीगच्या साखळी सामन्यांत २०२० पासून दहाव्या आणि पुढच्या प्रत्येक अर्ध्या इनिंगची सुरुवात सेकंड बेसवर रनर ठेवून होते. मायनर लीगमध्ये ही पद्धत २०१८ मध्येच आली आणि २०२३ मध्ये मेजर लीगने ती कायम केली. पोस्टसीझनला (साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांना) ती लागू नाही. म्हणूनच अलीकडचे १८ इनिंगचे सामने जवळजवळ सगळे ऑक्टोबरातले आहेत. साखळीत १६ इनिंगसुद्धा आता अप्रूपाच्या झाल्या.

कार्डावर सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

रनर कोण? त्या इनिंगला पहिला बॅटिंगला येणाऱ्याच्या आधीच्या क्रमांकाचा खेळाडू. बहुतेक वेळा हा मागच्या इनिंगचा शेवटचा आउट असतो, म्हणून पुष्कळ जण ‘शेवटचा आउट झाला तो’ असंच पाठ करून ठेवतात. ते नेहमी खरं नसतं. समजा नवव्या इनिंगचा तिसरा आउट चौथ्या क्रमांकाचा बॅटर उभा असताना चोरी करणाऱ्या रनरचा झाला. मग दहावी इनिंग तोच चौथा बॅटर सुरू करेल आणि सेकंडवर जाईल तिसरा, आउट कोणीही झालेला असो. सहाव्या क्रमांकाचा बॅटर ग्राउंडर (जमिनीलगतचा फटका) मारून फर्स्टवर पोचला, पण त्याच्या आधीपासून बेसवर असलेला गडी पुढच्या बेसला फोर्सआउट होऊन इनिंग संपली, तरी रनर सहाव्याच क्रमांकाचा.

नोंद कशी करायची? त्या खेळाडूच्या दहाव्या इनिंगच्या चौकटीत होम प्लेटपासून रेघ काढू नका. फक्त सेकंड बेसच्या कोपऱ्यावर ठिपका द्या आणि तिथून पुढे तो जसा सरकेल तशी रेघ ओढा. तो बॅटिंगला आलेला नाही, त्यामुळे त्याच्या बॅटिंगच्या मोजणीत ही चौकट धरायची नाही. मोठी इनिंग होऊन त्याची खरी पाळी आली तर ती शेजारच्या रकान्यात लिहा. त्याच चौकटीत दोन गोष्टी कोंबल्या की नंतर कोणता रन कशाचा हे सुटत नाही. त्याच्या जागी पिंच-रनर आला तर मूळ खेळाडू सामन्यातून बाद, आणि शिल्लक कागदावर आणखी एक काट.

तो रनर होमला पोचला तर रन त्याच्या नावावर, पण पिचरच्या नावावर अनअर्न्ड (त्याच्या दोषात न धरलेला), जणू काही एररमुळे (फील्डिंगच्या चुकीमुळे) बेसवर आला होता. एरर मात्र कोणाच्याही नावावर लागत नाही. त्यामुळे एकही अर्न्ड रन न देता पिचर सामना हरू शकतो, आणि ते कार्डावर पाहून दचकायचं कारण नाही.

शेषाची युक्ती

एका क्षणापर्यंत संघाच्या पूर्ण झालेल्या पाळ्या मोजा आणि नऊने भागा. शेष उरेल तो शेवटी बॅटिंग केलेल्याचा क्रमांक. शून्य उरला तर नववा. पुढच्या इनिंगची सुरुवात त्याच्या पुढचा करतो, आणि दहाव्यापासून पुढे सेकंडवरचा रनरही तोच शेषाचा क्रमांक. अपुरी राहिलेली पाळी मोजायची नसते, म्हणून वरचं चोरीचं उदाहरणसुद्धा या युक्तीतून बरोबर सुटतं.

पाळ्या एकेक चौकट मोजून काढायची गरज नाही. रन, बेसवर अडकलेले आणि आउट यांची बेरीज करा, आणि त्यातून तोवर सेकंडवर फुकट ठेवलेले रनर वजा करा. दहा इनिंग संपल्यावर ३० आउट, ३ रन आणि ७ अडकलेले असतील तर ४०. एक फुकटचा रनर वजा, ३९ पाळ्या. ३९ मधून ३६ गेले, उरले ३. म्हणजे तिसरा बॅटर शेवटी खेळला, अकरावी इनिंग चौथा सुरू करणार आणि तिसरा सेकंडवर उभा राहणार. मैदानावर तसंच दिसत असेल तर कार्ड शुद्ध आहे. तसं दिसत नसेल तर चूक याच इनिंगमध्ये किंवा आदल्या इनिंगमध्ये आहे, आणि अजून ती शोधता येते. सामना संपल्यावर शोधायला बसलात तर तीन पानं उलटी वाचावी लागतात.

क्रिकेटच्या स्कोअरबुकात बॅटिंगची आणि बोलिंगची बेरीज एकमेकांना ताडून पाहायची सवय असेल त्याला हे लगेच जमेल.

जपानमधल्या कोशिएनच्या शालेय स्पर्धेत २०२३ पासून दहाव्या इनिंगला फर्स्ट आणि सेकंड दोन्हीवर रनर असतात. तिथे दर अर्ध्या इनिंगला एकऐवजी दोन वजा करायचे. बाकी गणित तेच.

बदली, आणि जागांची अदलाबदल

नवा खेळाडू आला की जुन्याच्या शेवटच्या चौकटीनंतर उभी रेघ, आणि नाव खालच्या ओळीत. हे सगळ्यांना येतं. त्रास होतो तो आत असलेल्याच खेळाडूंनी जागा बदलल्या की. लांबलेल्या सामन्यात ते हमखास होतं, कारण पिचर संपतात.

१७ एप्रिल २०१० ला सेंट लुईसमध्ये कार्डिनल्स आणि न्यूयॉर्क मेट्स यांच्यात अठरा इनिंग एकही रन झाला नाही. बुलपेन रिकामं झाल्यावर कार्डिनल्सने अठराव्या इनिंगला फेलिपे लोपेझ या इनफिल्डरला पिचरच्या टेकडीवर उभं केलं, पुढच्या दोन इनिंग जो मॅदरने टाकल्या, आणि काइल लोश हा पिचर लेफ्ट फील्डमध्ये उभा होता. मेट्सने विसाव्या इनिंगला २-१ असा सामना काढला. या सामन्याच्या कार्डात अठराव्या इनिंगला १ म्हणजे लोपेझ, पुढच्या दोन इनिंगला मॅदर, आणि ७ म्हणजे लोश. फ्लाय लेफ्टला गेला तर ‘फ्लाय ७’ लिहिणं बरोबरच आहे, पण तो झेल कुणाच्या खात्यात टाकायचा हे कळायला बाजूला जागांचा तक्ता हवा. त्यासाठी पानाच्या तळाशी नऊ आकड्यांची एक आडवी पट्टी ठेवा, आणि अदलाबदल झाली की इनिंगचा आकडा घालून ती नव्याने लिहा. मागची पट्टी खोडायची नाही, एकाखाली एक येऊ द्यायच्या.

डेझिग्नेटेड हिटरची भानगड याहून मोठी. डीएच पिचरच्या जागी फक्त बॅटिंग करतो. तो कुठल्याही जागेवर फील्डिंगला गेला, किंवा पिचर झाला, की संघाचा डीएच संपला. त्यानंतर येणाऱ्या पिचरला बॅटिंगक्रमात जागा लागते. ६ मे २०१२ ला बॉस्टनमध्ये बाल्टिमोरचा क्रिस डेव्हिस डीएच म्हणून उतरला, आठ पाळ्यांत त्याला एकही हिट मिळाला नाही, आणि सोळाव्या-सतराव्या इनिंगला तो पिचर म्हणून टेकडीवर गेला. त्याने दोन इनिंगमध्ये एकही रन दिला नाही आणि बाल्टिमोर सतराव्या इनिंगला ९-६ ने जिंकलं. समोर बॉस्टनकडूनही आउटफिल्डर डार्नेल मॅकडॉनल्डच पिचिंग करत होता, आणि हार त्याच्या नावावर लागली. कार्डावर डेव्हिसचं नाव दोन ठिकाणी येतं: बॅटिंगक्रमात त्याच्या जुन्या जागेवर, ‘डीएच, मग १’ असं, आणि पिचरच्या यादीत शेवटी. त्याला बॅटिंगक्रमात नवी ओळ द्यायची चूक करू नका. जागा तीच, माणूस तोच, फक्त काम बदललं.

(सध्याच्या नियमांत सुरुवातीचा पिचरच स्वतःचा डीएच असेल तर पिचिंग सोडल्यावरही तो डीएच म्हणून राहू शकतो. पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणाऱ्या शोहेई ओतानीमुळे हा अपवाद २०२२ मध्ये आला. त्याच्या कार्डावर एकाच ओळीत ‘१/डीएच’ लिहा आणि पिचिंग संपेल तिथे १ वर काट मारा.)

पिचरचा हिशेब आउटमध्ये करा

पिचरच्या यादीत इनिंग दशांश चिन्हासारख्या लिहितात. ५.१ म्हणजे पाच इनिंग आणि एक आउट, ५.२ म्हणजे पाच इनिंग आणि दोन आउट. बेरीज करताना लोक हे खरे दशांश समजून बसतात आणि नऊ पिचर झाले की आकडा कुठेच बसत नाही. प्रत्येकासमोर घेतलेले आउट लिहा, बेरीज आउटचीच करा, शेवटी तीनने भागा. १९२० च्या त्या सामन्यात ब्रुकलिनचा लिऑन कॅडोर आणि बॉस्टनचा जो एश्गर या दोघांनीच अख्खे २६ इनिंग टाकले, त्यामुळे पिचरच्या यादीत एकेक ओळ आणि समोर ७८ आउट. इतकं सरळ कार्ड आता बघायला मिळणार नाही.

बुलपेनमधून आलेल्याची नोंद करताना त्याने घेतलेले बेसवरचे रनर वेगळे टिपा. चौकटीत लाल रेघ ओढून वर लिहा, ‘वारसा: १, ३’, म्हणजे फर्स्ट आणि थर्डवर मागच्या पिचरचे दोघं. रन कोणाच्या खात्यावर आणि हार कोणाची हे त्यावरच ठरतं. पॉटकेटच्या ३३व्या इनिंगमध्ये हे अगदी जवळून दिसतं. पाहुण्या रोचेस्टर संघाचा पिचर स्टीव्ह ग्रिली. पहिल्या बॅटरला, मार्टी बॅरेटला, बॉल लागला आणि तो फर्स्टवर गेला. पुढच्याचा सिंगल, बॅरेट थर्डवर. मग मुद्दाम वॉक देऊन तिन्ही बेस भरले. ग्रिलीला काढून क्लिफ स्पेकला आणलं. डेव्ह कोझाने सिंगल मारला आणि बॅरेट होमला आला. हिट स्पेकच्या पाळीत, पण धावून आलेला रनर ग्रिलीचा. म्हणून रनही ग्रिलीचा आणि हारही त्याचीच. स्पेकच्या ओळीत शून्य आउट, एक हिट, शून्य रन. आउट एकही न होता सामना संपला, म्हणून रोचेस्टरच्या पिचरांचे आउट ९६ आणि पॉटकेटच्या पिचरांचे ९९. दोन्हीकडे ९९ यायला हवेत म्हणून शोधत बसलात तर वेळ वाया जाईल. यजमान संघ खालच्या अर्ध्यात जिंकला की पाहुण्यांचे आउट नेहमीच कमी राहतात.

अशा विजयी फटक्याची आणखी एक बाब. जिंकणारा रनर होमला पोचला की सामना तिथेच संपतो, आणि बॅटरला तेवढेच बेस मिळतात जेवढे तो रनर सरकला. भिंतीला बॉल लागला असला तरी थर्डवरचा रनर आला की तो सिंगल. अपवाद होम रनचा, त्यात सगळे रन मोजतात.

२०१८ च्या त्या सामन्यात नेथन इओव्हाल्डी बाराव्या इनिंगला आला आणि अठराव्याच्या पहिल्याच बॅटरने, मॅक्स मन्सीने, त्याला होम रन मारला. आउट १८ आणि पिच ९७, म्हणजे सुरुवातीच्या पिचरएवढं काम. कार्डात त्याची इनिंग ६.० लिहितात आणि बाजूला खूण करतात की सातव्या इनिंगमध्ये त्याने एका बॅटरला बॉल टाकला पण आउट मिळाला नाही. ती खूण करायची राहून गेली तर सहा इनिंगच्या पिचरला अठराव्यात होम रन कसा बसला हे कागदावरून लागत नाही. त्याच्या नावावरच्या दोन रनांपैकी एकच अर्न्ड आहे, कारण तेराव्या इनिंगचा रन इयन किन्सलरच्या चुकीच्या थ्रोमुळे झाला. पिच मोजायला पाच-पाचच्या रेघांची पट्टी पुरते. दर इनिंगला नवी पट्टी घ्या.

थांबवलेला सामना

सामना अर्धवट थांबला की लगेच, मैदान सोडण्याआधी, सात गोष्टी लिहा: इनिंग आणि वरचा की खालचा अर्धा, आउट किती, बेसवर कोण, बॅटरवर बॉल-स्ट्राइक किती, दोन्हीकडचे पिचर, पुढचा बॅटर, आणि शिल्लक खेळाडूंचा कागद. घड्याळाची वेळही टाका.

पॉटकेटचा सामना १८ एप्रिल १९८१ च्या रात्री सुरू झाला. मध्यरात्रीनंतर ठराविक वेळेपुढे नवी इनिंग सुरू करू नये हा लीगचा नियम अंपायरच्या हातातल्या नियमपुस्तकात नव्हता, त्यामुळे खेळ चालूच राहिला. पहाटे ४.०७ ला ३२ इनिंगनंतर २-२ वर थांबला तेव्हा मॅककॉय स्टेडियममध्ये १९ प्रेक्षक उरले होते. २३ जूनला पुन्हा सुरू झाला आणि १८ मिनिटांत संपला. एकूण वेळ ८ तास २५ मिनिटं, म्हणजे पहिल्या रात्रीचे ८ तास ७ मिनिटं अधिक हे १८. दिवे बिघडल्यामुळे सुरुवातीला झालेला उशीर यात नाही. थांबलेला वेळ कार्डावर वेगळा लिहायचा, एकूण वेळेत मिसळायचा नाही.

तारीख मात्र सुरुवातीचीच राहते. त्यामुळे विचित्र गोष्टी घडतात. २६ जून २०२४ ला बॉस्टनमध्ये पावसाने थांबलेल्या सामन्यात डॅनी जॅन्सन टोरँटोकडून बॅटिंगला उभा होता. ऑगस्टच्या २६ तारखेला सामना पुढे सुरू झाला तोवर तो बॉस्टनचा कॅचर झाला होता. एकाच सामन्यात दोन्ही संघांकडून खेळलेला मेजर लीगमधला तो पहिला. त्याची अर्धी पाळी पुरी करायला आलेल्या बदली बॅटरची नोंद त्याच चौकटीत जाते, आणि त्याचं नाव समोरच्या संघाच्या पानावर नव्याने येतं.

शेवटचा ताळा

प्रत्येक संघासाठी डावीकडे मांडा: अधिकृत अ‍ॅट-बॅट, वॉक, बॉल लागून मिळालेले बेस, सॅक्रिफाइस बंट, सॅक्रिफाइस फ्लाय, आणि अडथळ्यामुळे मिळालेले फर्स्ट बेस. उजवीकडे: त्या संघाचे रन, बेसवर अडकलेले, आणि समोरच्यांनी घेतलेले आउट. दोन्ही सारखे यायला हवेत. हा ताळा नियमपुस्तकातलाच आहे. दहाव्यापासून रनर फुकट मिळत असेल तर डावीकडे तेवढे रनर मिळवा. २५ ऑगस्ट २०२१ ला डॉजर्सने सान डिएगोत १६ इनिंगला ५-३ असा विजय मिळवला. दहा ते सोळा अशा सात इनिंग, म्हणून दोन्ही संघांच्या डावीकडे सात-सात मिळवायचे.

एकाचा फरक आला तर आधी शेवटची इनिंग पाहा: विजयी फटक्याच्या वेळी बेसवर राहिलेले रनर मोजायचे हमखास राहून जातात. तिथे नसेल तर एखादी दुहेरी विकेट एकाच आउटने लिहिलेली असते किंवा उलट. नऊचा आला तर एक अख्खा फेरा सुटलाय, बहुतेक पान बदलताना.

इनिंगवार रनांची पट्टी तीन-तीनच्या गटांत लिहा. ब्रुकलिनचा १९२० चा एकमेव रन पाचव्या इनिंगला आला, बॉस्टनचा सहाव्याला:

ब्रुकलिन: ००० ०१० ००० ००० ००० ००० ००० ००० ००
बॉस्टन: ००० ००१ ००० ००० ००० ००० ००० ००० ००

सलग शून्यांची ओळ असती तर त्यात २५ आहेत की २६ हे कुणालाच सांगता आलं नसतं.

सरावाला कोणता घ्यायचा

जुन्या सामन्यांची पाळीगणिक हकिकत रेट्रोशीट या संकेतस्थळावर मोफत मिळते. ती वाचत वाचत कोऱ्या कार्डावर उतरवणं हा उत्तम सराव आहे. आधी १५ एप्रिल १९६८ चा ह्यूस्टन-मेट्स सामना घ्या. २३ इनिंग शून्य, चोविसाव्याला शॉर्टस्टॉपच्या एररवर १-० निकाल. खुणा साध्या आहेत, फक्त चिकाटी लागते. पुढे ११ सप्टेंबर १९७४ चा सेंट लुईस-मेट्स, २५ इनिंग: फर्स्टवर असलेला बेक मॅकब्राइड पिचर हँक वेबच्या चुकलेल्या पिकऑफ थ्रोवर (बेसवरच्या रनरला पकडण्यासाठी फेकलेल्या बॉलवर) थेट होमपर्यंत गेला आणि कॅचरच्या हातून बॉल निसटला. ही एका धावेतली दोन चुकांची नोंद नीट जमली की पुढे अडत नाही.

सगळ्यात शेवटी ८-९ मे १९८४. सतरा इनिंगनंतर ३-३ वर थांबवलेला. एकविसाव्या इनिंगला मिलवॉकीने बेन ओग्लिव्हीच्या होम रनवर तीन काढले, शिकागोने त्याच इनिंगला तीन परत केले. पंचविसाव्याला हॅरल्ड बेन्सचा होम रन, ७-६, ८ तास ६ मिनिटं. पंचविसावी इनिंग टाकून जिंकलेला टॉम सीव्हर लगेच त्याच दिवशीचा ठरलेला सामनाही सुरू करून जिंकला, म्हणून त्या तारखेला त्याची दोन कार्डं होतात. पहिल्या कार्डावर वरच्या कोपऱ्यात ८ मे लिहा, दुसऱ्यावर ९.